एक ‘रन’, तुर्कीत डझनभर क्रियापदं: तुरेंग शब्दकोश कितपत कामाचा?

तुरेंग हा इंग्रजी-तुर्की ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे, मोबाइलवर ॲप आहे आणि शब्दसंख्येच्या बाबतीत त्याला तोड सापडणं कठीण. अडचण एकच, त्यात मराठी नाही. नागपुरात आज तुर्की शिकणारे तीन प्रकारचे लोक दिसतात: तुर्की सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणारी पोरं (निवड झाल्यावर आधी एक वर्ष भाषेचाच वर्ग असतो), तुर्की बनावटीचं यंत्र घेऊन त्याचं मॅन्युअल उलगडत बसलेले, आणि मालिका बघता बघता भाषेच्या नादी लागलेले. तिघांनाही मराठीतून थेट तुर्कीत जायला धड शब्दकोश नाही, म्हणून रस्ता इंग्रजीतून जातो. आणि इंग्रजीतले रोजचे शब्दच सगळ्यात जास्त दगा देतात.

तुरेंगची परीक्षा घ्यायला ‘रन’सारखा शब्द नाही. माणूस रन करतो, दुकान रन करतात, नळ रन होतो, नाक रन होतं, बस रन होते, पुढारी इलेक्शनला रन करतो, साखर रन आउट होते. मराठीत यातल्या बहुतेकांना आपण वेगवेगळी क्रियापदं वापरतो. धावणे, चालवणे, वाहणे, गळणे, उभं राहणे, संपणे. तुर्कीतही तसंच आहे.

(खाली तुर्की उच्चार देवनागरीत अंदाजाने दिलेत. नेमकं स्पेलिंग शब्दकोशातूनच घ्या.)

तुरेंगमध्ये ‘रन’ टाकला की पहिल्या तक्त्यात नुसत्या ‘रन’चे अर्थ येतात आणि त्याखाली ‘रन’ असलेले शेकडो शब्दप्रयोग. प्रत्येक ओळीत आधी वर्ग, मग इंग्रजी, मग तुर्की. सगळ्यात वर ‘नेहमीचा वापर’, मग ‘सर्वसाधारण’, मग तांत्रिक, संगणक, सागरी, खाणकाम असे विषय. नवशिका इथेच फसतो. तो पहिली ओळ उचलतो, आणि पहिली ओळ म्हणजे ‘कोश्माक’, पायांनी धावणे. हे क्रियापद दुकानाला जोडलं तर बर्डीवरचं दुकान स्वतःच पळत सुटल्यासारखं वाक्य तयार होतं.

म्हणून तुरेंग उघडण्याआधी मराठी वाक्य पक्कं करा. ‘माझा भाऊ दुकान चालवतो.’ क्रियापद चालवणे. आता यादीत ‘कोश्माक’ सोडून खाली या आणि चालवण्याच्या अर्थाचे शब्द शोधा. दोन भेटतील: ‘इश्लेत्मेक’ आणि ‘योनेत्मेक’. पहिला दुकान, हॉटेल, खाण, बोटसेवा चालवण्यासाठी. दुसरा संस्था, कंपनी, देश चालवण्यासाठी, म्हणजे कारभार हाकणे. दुकानाला ‘इश्लेत्मेक’. शिष्यवृत्तीवाल्यांनी याचं नाम ‘इश्लेत्मे’ लक्षात ठेवावं, कारण तिथल्या विद्यापीठांत व्यवसाय व्यवस्थापनाच्या विभागाला हेच नाव असतं. तुर्की नावांच्या यादीत ‘बिझनेस’ शोधत बसाल तर सापडणार नाही.

यंत्राचा मामला वेगळा. यंत्र चालतं तेव्हा ‘चालश्माक’, आपण ते चालवतो तेव्हा ‘चालश्तर्माक’. विंडोज तुर्कीत असेल तर ‘रन’च्या खिडकीवरही ‘चालश्तर’ असंच लिहिलेलं असतं. चालणे-चालवणे, शिकणे-शिकवणे अशी जोडी मराठीत जशी प्रत्यय बदलून होते, तशीच तुर्कीतही प्रत्यय घालून होते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रन’च. मराठी माणसाला ही जोडी समजावून सांगावी लागत नाही, फक्त इंग्रजीतून बघायची सवय सोडावी लागते. ‘चालश्माक’चे आणखी दोन अर्थ रोज कानावर येतात: काम किंवा अभ्यास करणे, आणि दुसऱ्या क्रियापदाला जोडून प्रयत्न करणे. ‘आन्लामाया चालशयोरुम’ म्हणजे समजून घ्यायचा प्रयत्न करतोय. मॅन्युअलमध्ये हा शब्द दिसला की आधी कर्ता बघा. यंत्र असेल तर चालतंय, माणूस असेल तर काम करतोय.

उरलेले अर्थ भराभर. पाणी, नाक: ‘आक्माक’. पळून जाणे: ‘काच्माक’, आणि स्त्रियांच्या पायमोज्याचा धागा सुटून पट्टा पडतो त्यालाही हेच. (पायमोजा म्हणजे ‘चोराप’. हिंदीतला जुराब तो हाच.) निवडणुकीला उभं राहणे: ‘आदाय ओल्माक’, शब्दशः उमेदवार होणे. गाडीखाली चिरडणे: ‘एझ्मेक’. उशीर होणे: ‘गेजिक्मेक’. बसगाड्यांच्या फेऱ्यांना ‘सेफेर’, आपला सफर. थांब्यावरच्या सूचनेत ‘सेफेर’ आणि ‘इप्ताल’ एकत्र दिसले तर फेऱ्या रद्द आहेत, टॅक्सी बघा. ताप येण्यालाही इंग्रजीत ‘रन’ लागतो, पण तुर्की माणूस नुसतं ‘आतेशिम वार’ म्हणतो, मला ताप आहे. ‘आतेश’ म्हणजे आग आणि तापही. आतषबाजीतला आतष तोच. क्रिकेटच्या धावेची काळजी करू नका, तिथे जामठ्याचा स्कोअर कोणी विचारत नाही.

साखर संपण्यापाशी जरा थांबायला हवं. इंग्रजीत ‘आम्ही साखरेतून रन आउट झालो’ अशी उफराटी रचना आहे. तुर्कीत ‘शेकेर बित्ती’. साखर संपली. दोन शब्द, क्रम आपलाच. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि ‘आम्ही’ गायब. तुरेंगच्या यादीतून ‘रन आउट ऑफ’चं तुर्की काढून त्यात ‘आम्ही’ कोंबायला गेलात तर फुकटची कसरत. मराठीत वाक्य तयार करा आणि शब्द बदला. सगळीकडे हे जमत नाही, पण निम्म्या वेळेला जमतं आणि तो निम्मा वेळ वाचतो.

तुरेंगची मोठी उणीव म्हणजे उदाहरणाची वाक्यं पुरेशी नसणं. शब्द हातात येतो, पण नामाला कोणता प्रत्यय लावायचा हे बहुतेक वेळा कळत नाही. इथे दुसरं साधन उघडायचं: टीडीके, म्हणजे तुर्की भाषा संस्थेचा ऑनलाइन शब्दकोश. ही संस्था 1932 साली अतातुर्कांनी स्थापली. शब्दकोश पूर्ण तुर्कीत आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात घाबरवतो, पण त्यातली एक गोष्ट तुरेंगमध्ये सहसा मिळत नाही. क्रियापदाच्या प्रत्येक अर्थापुढे प्रत्यय छापलेला असतो. ‘-ए’ म्हणजे साधारण आपला ‘ला’, ‘-दे’ म्हणजे ‘त’, ‘-देन’ म्हणजे ‘हून’ किंवा ‘पासून’, ‘-इ’ म्हणजे नेमकं कर्म, आणि ‘एनएसझेड’ अशी तीन अक्षरं म्हणजे क्रियापदाला कर्म लागत नाही.

उदाहरण घ्या. ‘रन इंटू’, म्हणजे अचानक गाठ पडणे. तुरेंग दोन क्रियापदं देईल: ‘रास्त्लामाक’ आणि ‘कार्शलाश्माक’. कोणतंही उचला, चालतं. पण पहिल्याला ‘-ए’ लागतो आणि दुसऱ्याला ‘इले’. मित्राला भेटलो, मित्राशी गाठ पडली, हाच फरक. टीडीके न बघता लिहिलं तर मधला प्रत्यय चुकतो आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की बाहेरचा माणूस आहे. ‘काच्माक’ला ‘-देन’ लागतो, पोलिसांपासून पळणे. तिथे ‘-इ’ लावला तर वाक्यच चुकतं.

टीडीकेत ‘इश्लेत्मेक’ उघडलात तर खाली आणखी एक अर्थ सापडतो आणि तो तपासण्यासारखाच आहे. कर्म माणूस असेल तर ‘इश्लेत्मेक’ म्हणजे फिरकी घेणे, येड्यात काढणे. ‘भाऊ दुकान चालवतो’ आणि ‘भाऊ मला येड्यात काढतो’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच, फक्त कर्म बदलतं. मालिकेत कोणी चिडून ‘बेनी मी इश्लेतियोरसुन?’ म्हणाला तर त्यात धंद्याचा काही संबंध नाही.

शोधताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? शब्दाचं मूळ रूप न काढण्यात. मालिकेच्या सबटायटलमध्ये ‘बुर्नुम आकियोर’ दिसलं, तसंच टीडीकेत टाकलं, काही मिळालं नाही, आणि माणूस म्हणतो शब्दकोश भिकार आहे. क्रियापद आधी सोलायचं. शेवटचे पुरुषाचे आणि काळाचे प्रत्यय काढून ‘आक’ उरलं की त्याला ‘माक’ लावा. उरलेल्या भागातला शेवटचा स्वर आ किंवा बिनटिंबाचा ओ, उ, आय असेल तर ‘माक’, बाकीच्यांना ‘मेक’ (तुर्कीत टिंबाची आणि बिनटिंबाची अक्षरं वेगळी असतात). नामांमध्ये आणखी एक गंमत आहे. ‘बुर्नुम’ म्हणजे माझं नाक, पण मूळ शब्द ‘बुरुन’. प्रत्यय लागताना मधला स्वर गळतो. ‘चोराप’चं ‘चोराबम’ होताना पचा ब होतो. ‘किताप’चंही ‘किताबम’. ‘गित्मेक’चं ‘गिदियोर’ होतं, पण ‘इश्लेत्मेक’चं ‘इश्लेतियोर’च राहतं. त मऊ होणारी क्रियापदं मोजकी आहेत, ती पाठच करावीत.

दुसरा घोटाळा तुरेंगचाच. तो दोन्ही दिशांनी शोधतो, म्हणून एकाच स्पेलिंगचा इंग्रजी आणि तुर्की शब्द असेल तर दोन तक्ते येतात. इंग्रजी ‘कॅन’ टाका. एका तक्त्यात इंग्रजीतून तुर्की, दुसऱ्यात तुर्कीतून इंग्रजी, आणि तिथे अर्थ दिसतो जीव. कारण तुर्कीत ‘सी’चा उच्चार ज आहे आणि तो शब्द आहे ‘जान’. ‘ॲट’ म्हणजे घोडा, ‘ऑन’ म्हणजे दहा, ‘टेन’ म्हणजे अंगकांती. तक्त्याचं शीर्षक वाचल्याशिवाय ओळ उचलू नका.

गूगल भाषांतराबद्दल थोडक्यात. सुटा शब्द देऊ नका, अख्खं वाक्य द्या. वाक्य मिळालं की ते क्रियापद बहुतेक वेळा बरोबर निवडतं. लिंग मात्र तपासून घ्या. तुर्कीत तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘ओ’. गूगलने डिसेंबर 2018 पासून तुर्कीतून इंग्रजीत जाताना स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही भाषांतरं दाखवायला सुरुवात केली, पण मराठीत तर क्रियापदालाच लिंग चिकटतं. ‘ओ दुक्यान इश्लेतियोर’चं मराठी ‘चालवतो’ की ‘चालवते’, हे मागचं वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.

‘ब्रदर’ आणि ‘अंकल’ हे शब्दही इंग्रजीतून नेऊच नका, कारण तिथे इंग्रजी हातचं गमावते. तुर्कीत दादाला ‘आआबेय’ (बोलताना ‘आबी’), ताईला ‘आब्ला’, काकाला ‘आम्जा’, मामाला ‘दाय’, आत्याला ‘हाला’, मावशीला ‘तेय्झे’. सगळी नाती वेगळी, अगदी आपल्यासारखी. तुरेंगमध्ये ‘अंकल’ टाकला तर ‘आम्जा’ आणि ‘दाय’ शेजारी शेजारी दिसतील, पण कोणता काका आणि कोणता मामा हे तिथे समजेलच असं नाही. मामाला ‘आम्जा’ म्हणून पत्र धाडलं तर समोरचा तुमच्या वडलांकडचा माणूस शोधत बसेल. एक सवय लावा: तुरेंगमधला शब्द उलट दिशेने पुन्हा टाकून बघा. ‘दाय’ टाकल्यावर आईचा भाऊ असा अर्थ आला की निश्चिंत.

कीबोर्डची सोय आधीच करून ठेवा. जीबोर्डच्या (गूगलचा मोबाइल कीबोर्ड) भाषांच्या यादीत तुर्की जोडा. टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही तुर्कीत दोन वेगळी अक्षरं आहेत आणि इंग्रजी कीबोर्डवर हा फरक हरवतो. टिंबांनी ‘सिनिर’ म्हणजे मज्जातंतू किंवा चिडचिड, बिनटिंबांचा तोच शब्द म्हणजे सीमा. ‘ओल्माक’ म्हणजे होणे, ओवर दोन टिंबं दिली आणि ‘माक’चं ‘मेक’ झालं की मरणे. व्यापारी पत्रात हा फरक हलक्यात घेण्यासारखा नाही. टीडीके ‘दुक्यान’मधल्या एवर टोपी छापतं, लोक ती बऱ्याचदा गाळतात, तिथे गडबड होत नाही.

छापील शब्दकोश हवाच असेल तर रेडहाउस हे जुनं, भरवशाचं नाव. फक्त 1890 सालच्या मोठ्या कोशाच्या पुनर्मुद्रणाला हात लावू नका. तो उस्मानी (ऑटोमन) काळातला आहे, तुर्की शब्द अरबी लिपीत, आणि रोमन वर्णमालेचा कायदा 1928 साली आला. उर्दू वाचणाऱ्याला तो एखाद वेळेस चाळायला मजा येईल, रोजच्या ‘रन’साठी त्याचा उपयोग नाही. मागवण्याआधी विक्रेत्याकडून आतल्या एका पानाचा फोटो घ्या आणि तुर्की शब्द रोमन लिपीत आहेत ना, तेवढं बघा.