इंग्लंडमधील घरातला हीट पंप: यंत्र चोख, बसवणाऱ्यांची समजावणी ढिसाळ

रेडिंगमधील आमच्या जुन्या विटांच्या घरात गॅस बॉयलर काढून हवेतली उष्णता ओढणारा 7 किलोवॉटचा हीट पंप बसवला, त्याला आता एक हिवाळा झाला. बॉयलर अपग्रेड योजनेचे 7,500 पौंडांचे सरकारी अनुदान बसवणाऱ्या कंपनीने परस्पर बिलातून वजा केले, त्यामुळे कागदपत्रांचा फारसा व्याप झाला नाही. यंत्राबद्दल तक्रार नाही. ते चालवायचे कसे, हे कोणी धड सांगितले नाही, ही तक्रार आहे.

कंपनीच्या माणसाने खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरकडे जाणारे पाणी सदासर्वकाळ 55 अंशांवर राहील असे करून ठेवले, जाडजूड पुस्तिका हाती दिली आणि तो निघून गेला. खोल्या उबदार झाल्या, पण पहिले बिल पाहून डोळे पांढरे झाले. इथे विजेचे युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग असते. तेव्हा एका युनिट विजेतून साडेतीन युनिटांहून अधिक उष्णता मिळाली नाही, तर बॉयलर काय वाईट होता? पाणी जितके कमी तापवावे तितके कंप्रेसरला कमी राबावे लागते आणि दर अंशामागे साधारण 2 ते 3 टक्के वीज वाचते. म्हणून बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचे तापमान आपोआप बदलणारी ‘वेदर कॉम्पेन्सेशन’ची सोय सुरू केली: बाहेर उणे 3 असेल तर 45 अंश, 15 असेल तर 30. प्रत्येक घराचे आकडे वेगळे. एकेक अंश उतरवायचा, दोन-तीन दिवस थांबायचे आणि सर्वांत गार खोली काय म्हणते ते पाहायचे. रेडिएटर हाताला जेमतेम कोमट लागतात, त्यामुळे पुण्याहून आलेले पाहुणे ‘हे बंद आहेत का?’ असे विचारतातच. पंप मात्र दिवसभर संथ चालू द्यावा. सकाळी बंद करून संध्याकाळी घर एकदम तापवायला गेले, की बचत पाण्यात.

देखभाल फारशी नाही. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या युनिटमधून वाफेचे लोट उठतात, तेव्हा घाबरू नये. यंत्र स्वतःवरचा बर्फ वितळवत असते. ते पाणी पायवाटेवर गोठू नये म्हणून खाली खडीचा खड्डा हवा, जो आम्हाला मागून करून घ्यावा लागला. बाहेरच्या पाइपांवरच्या झडपा वीज गेल्यावर पाणी 3 अंशांच्या आसपास उतरले, की ते सोडून देतात आणि पाइप फुटण्यापासून वाचवतात. त्या झडपांवर हौसेने उष्णतारोधक वेष्टण गुंडाळू नये. अंघोळीच्या पाण्याची टाकी 50 अंशांवर पुरते, मात्र पाण्यातले जंतू मरावेत म्हणून आठवड्यातून एकदा ती 60 वर जाते ना, हे पाहावे. गाळ धरणारा चुंबकीय फिल्टर वार्षिक सर्व्हिसमध्ये साफ होतो.

यंत्राला पाचपैकी साडेचार, बसवणाऱ्यांना अडीच. नव्याने घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी कोणत्या हवेला किती अंश, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे आणि यंत्राच्या पडद्यावर आपल्यादेखत भरून घ्यावे.