पाणंदीला आणि हायवेला एकच टायर: ए.टी. घ्यावा की एम.टी.?

आमचं शेत गगनबावडा रस्त्याला, साळवणच्या पुढं. कोल्हापुरातून निघालं की चाळीसेक किलोमीटर डांबर आणि शेवटी दीड किलोमीटर पाणंद, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट. येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर रस्ता आणि तीन किलोमीटर चिखल. हा हिशेब आधीच सांगतो, कारण टायर घेताना आपल्या डोळ्यांसमोर तो तीन किलोमीटरचा चिखल असतो आणि बसावं लागतं उरलेल्या ऐंशी किलोमीटरमध्ये.

गाडी जुन्या बनावटीची थार, टायर २३५/७० आर १६. आधी एम.टी. (मड-टेरेन, चिखलासाठी मोठ्या ठोकळ्यांचा आणि खोल दातांचा टायर) वापरले, दोन वर्षांत २२ हजार किलोमीटर. आता ए.टी.वर (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) ३१ हजार झालेत.  फक्त डांबरासाठीच्या साध्या एच.टी.चा (हायवे-टेरेन) विचार पाणंद नसती तर केला असता.

एम.टी.चं देणं आधी देतो. पहिल्या जुलैमध्ये आमच्या पाणंदीत ट्रॅक्टरनं दोन्ही बाजूंना गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्यात पाणी साठलं होतं. लो फोर (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू सोडली आणि ती न थांबता वर आली. बाजूचे ठोकळे चाकोरीच्या भिंतीत दातांसारखे रुतत होते, ते स्टिअरिंगवर हाताला कळत होतं. असा विश्वास ए.टी.नं मला अजून दिलेला नाही, खरं ते सांगतो. दुसरं म्हणजे उसाचे बुडखे. तोड झाल्यावर रानात राहिलेला वाळका बुडखा तिरका कापलेला असतो आणि टायरच्या भिंतीत भाल्यासारखा घुसतो. एम.टी.चं खांद्यापासून खाली उतरणारं जाड रबर तिथं कामाला येतं. दोन हंगाम पाल्यावरून गाडी फिरवली, एकही भिंत फाटली नाही.

पण चिखल चिखलात फरक असतो. पश्चिमेकडं, म्हणजे आमच्याकडं, राधानगरी-भुदरगडकडं, तांबडी माती आणि जांभा. वर दोन बोटं निसरडा थर आणि खाली टणक. इथं खोल दात लागतात ते फक्त चाकोरीत. एरवी रबर जमिनीला जितकं जास्त टेकेल तितकं बरं. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात उलट. ती माती कणकेसारखी चिकटते आणि एम.टी.च्या फटीसुद्धा भरून टाकते. चाक जोरात फिरलं तरच माती उडते; हळू चालवलं की चार मीटरवर एम.टी.चा गुळगुळीत गोळा होतो. अशा रानात पाऊस उघडून दोन दिवस थांबणं हाच उपाय, टायर कुठलाही असो. एम.टी.ची खरी मालकी आहे ती पाणी असलेल्या खोल चिखलावर, ज्याच्या तळाला काहीतरी घट्ट आहे. आपल्या वाटेवर तो किती आहे, हे आधी पायी चालून बघावं.

ओल्या डांबराचं थोडक्यात सांगतो. एम.टी.च्या रुंद फटींतून पाणी पटकन निघून जातं, त्यामुळं साठलेल्या पाण्यावर तो चांगला वागतो. पण ब्रेक मारल्यावर रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि त्यावरच्या बारीक चिराही कमी. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती आणि त्यावर एखादी अवकाळी सर, असं असताना वाटेतल्या कळे गावाच्या अलीकडं मला एकदा अंदाजापेक्षा गाडीभर पुढं जाऊन थांबावं लागलं. पुढं बैलगाडी होती. टेप लावून मोजलेलं नाही, पण त्यानंतर पावसात मी अंतर जास्त ठेवायला लागलो. ए.टी.वर तशी वेळ आलेली नाही.

तरीही एवढ्यानं मी टायर बदलले नसते. बदलले ते आवाजामुळं.

एम.टी. आवाज करतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. दुकानदार सांगतो, मित्र सांगतात, 'भावा, होते सवय' असंही सांगतात, आणि मला खरोखर सवय झाली होती. पण दर रविवारी माझ्या शेजारी आमच्या घरातले आबा बसतात. वय ७८, दोन्ही कानांत मशीन. आठवडाभर मी कामावर आणि ते घरात त्यांच्या खोलीत. आमचं जे काही बोलणं होतं ते या दीड तासात. कुणाच्या बांधावरून काय झालं, लागण कधी करायची, भात यंदा कुठलं, जुन्या माणसांच्या गोष्टी.

एका रविवारी बालिंग्याचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, काटा साठच्या वर गेला. मी काहीतरी विचारलं. आबा नुसते 'हं' म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा 'हं', आणि हसले. मग त्यांनी शांतपणे दोन्ही कानांतली मशीनं काढली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. ती साळवणला चहाला थांबल्यावरच पुन्हा घातली. नंतर आठवून बघितलं तेव्हा कळलं की हे कितीतरी रविवार चाललं होतं. मी रस्त्याकडं बघून गाडी चालवत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत बसत होते. 'लई घुमतंय रं', एवढंच म्हणाले, तेही मी विचारल्यावर.

असं का होतं ते नंतर कागदावर मांडून बघितलं. या मापाचं चाक साठच्या वेगाला सेकंदाला साधारण सात वेळा फिरतं. घेरात चाळीसेक ठोकळे धरले तर सेकंदाला तीनशेच्या जवळपास थापा डांबरावर पडतात. माणसाचं बोलणंही याच पट्ट्यात असतं. मशीन माझा आवाज वाढवतं तसा टायरचाही वाढवतं. हा एकसुरी घुमारा मोडावा म्हणून कंपन्या ठोकळे मुद्दाम लहान-मोठे ठेवतात, पण एम.टी.चे ठोकळे मोठे आणि मोजके, तिथं मुभा कमी. शिवाय टायर जुना होतो तसा आवाज वाढत जातो. प्रत्येक ठोकळ्याची एक कड आधी झिजते, दुसरी उभी राहते. टायरवरून हात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलट फिरवला तर करवतीसारखा. मी दर पाच हजाराला चाकं फिरवून, म्हणजे त्यांच्या जागा आपसांत बदलून, घेत होतो, तरी पंधरा हजारानंतर घुमारा स्पष्ट वाढला. नवा एम.टी. ऐकून निर्णय घेणाऱ्याला पुढचं ऐकूच आलेलं नसतं.

ए.टी. घातल्यावर पहिल्याच रविवारी आबांनी मशीनं काढली नाहीत. कोपार्डे आलं, कळे गेलं, तरी कानातच. ए.टी. काही मुका नाही. ऐंशीच्या पुढं बारीक गुणगुण असते आणि आता ३१ हजारांवर ती थोडी वाढलीय. पण तिच्यावरून बोलता येतं.

आता ए.टी.नं काय घेतलं तेही सांगायला हवं. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच चाकोरीत गाडी पोटावर बसली. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरला साखळी लावायच्या आधी हवा ३२ वरून २० वर आणली, चाकं डावी-उजवी वळवत मागं घेतली आणि गाडी निघाली. तेव्हापासून पाणंदीच्या तोंडाला थांबून हवा कमी करतो. चार चाकांना पाच-सहा मिनिटं लागतात, परतताना बॅटरीवरच्या छोट्या पंपानं पुन्हा भरतो. हवा उतरवलेला ए.टी. जांभ्यावर असा पसरून बसतो की माझ्या अनुभवानं ३२ हवेतल्या एम.टी.पेक्षा तो बरा चढतो. पंधराच्या खाली मात्र जाऊ नये, वळताना टायरची कड रिमवरून सुटायची भीती असते. ज्याला हे थांबणं-भरणं नको, त्याला ए.टी. अपुरा वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

ॲव्हरेजमध्ये मला लिटरमागं किलोमीटरभराचा फरक दिसला, ए.टी.च्या बाजूनं. स्टिअरिंगही हलकं झालं.

एक निरीक्षण जाता जाता. २०२० साली नवी थार आली तेव्हा तिच्यावर कंपनीनंच सीएटचे झार ए.टी. बसवले होते. गाडी डोंगरासाठी म्हणून विकायची, तरी रोजच्या चाकाला ए.टी. निवडला, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

घेताना दोन-तीन गोष्टी बघाव्यात. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एम.टी. दुकानात कमी खपतो, त्यामुळं तो जुना निघायची शक्यता जास्त, रबर कडक झालेलं असतं. मोठा टायर घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. २३५/७० च्या जागी २४५/७५ घातला तर घेर पाच टक्क्यांनी वाढतो; काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी ८४ वर असते, आणि ब्रेक तर तेवढेच राहतात. पुढं ए.टी. आणि मागं एम.टी. अशी तडजोड काहीजण करतात, ती करू नये. ओल्या वळणावर दोन्ही टोकं वेगळी वागतात, आणि घेरात फरक असला तर फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. स्टेपनीही त्याच जातीची ठेवावी आणि तिलाही फिरवण्यात धरावं.

माझे एम.टी. चंदगडकडच्या एका मित्रानं घेतले. त्याचा मुक्कामच रानात, डांबराशी गाठ आठवड्यातून एकदा बाजाराला, आणि पावसाळ्याचे चार महिने घरासमोरच चाकोरी. तो समाधानी आहे. त्याला मी ए.टी. सुचवलाही नसता. ज्याचा हिशेब माझ्या उलट, त्यानं एम.टी. खुशाल घ्यावा.

पण ज्याचा हिशेब माझ्यासारखा, त्यानं पैसे मोजायच्या आधी एक करावं असं सुचवतो. वीस हजार चाललेले एम.टी. असलेली कुणाची तरी गाडी मागून घ्यावी. कोल्हापूरच्या तावडे हॉटेल चौकापासून हायवेनं कागलपर्यंत जावं आणि परत यावं, काचा बंद, काटा ऐंशीवर. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी बसवावं आणि त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहावं.