हनाउमा बे: विवरात शिरलेला समुद्र

हवाईतल्या ओआहू बेटावरचा हा किनारा म्हणजे ज्वालामुखीचं विवर. त्याची एक कड समुद्राने फोडली आणि आत चंद्रकोरीसारखी खाडी तयार झाली. १९६७ पासून इथे मासेमारी बंद आहे, त्यामुळे मासे माणसाला फारसे बुजत नाहीत.

खरी कटकट बुकिंगची. ऑनलाइन तिकिटं दोन दिवस आधी, हवाईच्या वेळेनुसार सकाळी ७ ला खुली होतात आणि लगेच संपतात. हवाईबाहेरच्यांना २५ डॉलर, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. सोमवार-मंगळवार बंद. आत सोडण्याआधी ९ मिनिटांचा व्हिडिओ सक्तीचा आहे. कंटाळवाणा, पण प्रवाळावर उभं का राहायचं नाही ते त्यात नीट कळतं.

पहिलाच स्लॉट घ्या. उशिरा गेलात तर शेकडो पायांनी उडालेली वाळू पाण्यात तरंगत असते आणि हातभर अंतरावरचा पॅरटफिशही धूसर दिसतो. नुसतं पोहायचं असेल तर प्रवाळाच्या मधलं ‘कीहोल’ हे वाळूच्या तळाचं डबकं उत्तम. बाकी आतल्या भागात ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की गुडघे खरचटतात. प्रवाळाच्या भिंतीपलीकडे मासे जास्त, पण फटींमधून बाहेर खेचणारा प्रवाह असतो. कच्च्या पोहणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

पाण्याखाली बघायचा मास्क स्वतःचा न्यावा. मिशी असेल तर कडेने पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलीन चोपडायचं. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाला चिकटणारा शर्ट) बरा. परतीचा चढ मात्र उन्हात दम काढतो.