भट्टी दाखवली, पुतळा दुसराच दिला

आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून गुरुजींचा अर्धपुतळा करायचं ठरवलं. ब्राँझचा, मेणाच्या पद्धतीनं ओतलेला, म्हणजे आधी मेणाची प्रतिकृती, तिच्याभोवती साचा, मग मेण वितळवून त्या जागी धातू. नागपुरातलाच एक कारागीर मिळाला. 1,60,000 रुपये ठरले, पैकी 1,00,000 आगाऊ.

मातीचं मॉडेल त्यानं छान केलं, खोटं कशाला बोलू. गुरुजींच्या भुवईतली खोकसुद्धा पकडली. मग एक दिवस आम्हा चौघांना हिंगण्याच्या एमआयडीसीत नेलं. भट्टीतून लालभडक मूस निघाली, रस ओतला, दाट पांढरा धूर उठला. "पाहून राह्यले न भाऊ? हे तुमचंच काम!" आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकले. अडकलेली वर्गणी त्या फोटोंवरच जमा झाली.

पुतळा आला तेव्हा आमच्यातल्या एकानं शंका काढली. कारागिरानं शांतपणे खांद्याची कड स्टील वूलनं घासली, तर सोन्यासारखी चमक. शंका मिटली. ती चमक खोटी नव्हती, हीच तर गंमत. रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, ब्राँझची भुकटी कालवून साच्याला आतून लावतात, मागून फायबरचा थर देतात. घासलं की वरची भुकटी चमकणारच. ही रीतही वाईट नाही, स्वस्तात सुंदर काम होतं. फक्त ते रेझिन म्हणून विकावं.

मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, मानेला चीर गेली. चिरेतून पांढरे धागे दिसले. माझ्या भाच्यानं फ्रिजवरचं चुंबक आणून बैठकीला लावलं, ते चिकटलं! ब्राँझला चुंबक धरत नाही. खालून छिद्र पाडलं, तर धातूचा कीस निघण्याऐवजी आधी पांढरी भुकटी, मग वाळू. वजन भरावं म्हणून आत वाळू आणि लोखंडी सळ्या कोंबल्या होत्या.

ओतकामातल्या एका ओळखीच्याला भट्टीचे फोटो दाखवले. तो हसायलाच लागला. तसा पांढरा धूर जस्त जळल्याचा, म्हणजे मुशीत पितळ होतं. समोर वाळूच्या पेट्या होत्या आणि त्यात कुणाच्या तरी मशीनचे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, ओतले जात होते. चौघं शिकलेले, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की पेटी एवढीशी आणि पुतळा एवढा कसा.

तक्रार करायला बिल काढलं. त्यावर लिहिलं होतं 'ब्राँझ फिनिश अर्धपुतळा'. फिनिश! मिश्रधातूचं नाव नाही, तांबं-कथिलाचं प्रमाण नाही, जाडी नाही. वकील त्या एका शब्दाशीच झगडताहेत.

ओळखीच्यानं आणखी एक सांगितलं. ओतण्याआधी मेणाची प्रतिकृती बघायला जायचं आणि आतल्या बाजूला खिळ्यानं आपली खूण कोरायची. ती धातूत जशीच्या तशी उतरते. आम्ही मेण बघायला दोनदा मागितलं होतं. "उन्हानं बिघडते, भाऊ," म्हणाला. नागपूरचं ऊन, पटलं आम्हाला.

मेण त्यानं केलंच नव्हतं.