फास्टिडियस की पर्स्निकेटी: चोखंदळपणासाठी इंग्रजीतला नेमका शब्द

हॉटेलातल्या हाउसकीपिंगच्या नोकरीसाठी अर्ज लिहिताना 'स्वच्छतेच्या बाबतीत मी काटेकोर आहे' हे इंग्रजीत सांगायचं असेल, तर फास्टिडियस लिहा. पर्स्निकेटी लिहिलंत तर वाचणाऱ्याला 'हा माणूस बारीकसारीक गोष्टींचा कीस पाडतो' असं कळेल.

मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून लाल आहेत का बघणारं, अंगावर बोट दाबून खळगा राहतो का तपासणारं गिऱ्हाईक फास्टिडियस. मासळी ताजी फडफडीत असूनही वाट्यातला एक बांगडा बोटभर आखूड म्हणून अख्खा वाटा नाकारणारं गिऱ्हाईक पर्स्निकेटी. पहिलं चोखंदळ, दुसरं किरकिरं.

पर्स्निकेटी हे अमेरिकन रूप. मूळ शब्द पर्निकेटी, 'स' नसलेला. तो 19व्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडात नोंदला गेला आणि ब्रिटनमध्ये आजही तसाच चालतो. त्याची व्युत्पत्ती पक्की ठरलेली नाही, त्यामुळे कुणी ठामपणे सांगितली तर विश्वास ठेवू नका. एकाच लेखात दोन्ही रूपं मात्र मिसळू नका. उच्चारताना जोर 'निक'वर द्या.

फास्टिडियसचं मूळ लॅटिन फास्टिडियम, म्हणजे वीट, तिटकारा. ज्याला चटकन वीट येतो, तो सहजी खूश होत नाही. तिथून इंग्रजीत काटेकोरपणाचा अर्थ आला. पोर्तुगीज उलट वाटेने गेली. तिच्यात फास्तिदियोझु म्हणजे वीट आणणारा, कंटाळवाणा. घरात पोर्तुगीज शिकलेलं वडीलधारं माणूस असेल तर त्याला हा शब्द स्तुतीचा वाटणारच नाही. गोव्यात हे खास लक्षात ठेवावं.

वाक्यात फास्टिडियसच्या पुढे 'इन'ही चालतं. 'कामात काटेकोर' यातला 'त' तसाच उचलला तरी ती चूक नाही. पण इंग्रजीत तिथे 'अबाउट' जास्त रुळलेलं आहे.

यंत्राला यांपैकी कोणताच शब्द सहसा लावत नाहीत. पावसाळ्यात कधी सुरू होणारी, कधी रुसणारी स्कूटर फिनिकी. जेवताना नाक मुरडणारं मूल ब्रिटिश इंग्रजीत फसी, अमेरिकन इंग्रजीत बहुधा पिकी. कारण अमेरिकेत फसी बाळ म्हणजे सतत रडणारं, किरकिर करणारं बाळ.