नर कासव की मादी? पाळायचं ठरवण्याआधीची तुलना

कासव आणायचं ठरलं की टाकी, फिल्टर, दिवा यांची चौकशी आधी होते. नर की मादी हा विचार मागे पडतो आणि आला तरी नाव ठेवण्यापुरताच. पण पुढची वीस-तीस वर्षं किती पाणी, किती जागा आणि किती माती लागणार, हे बरंचसं यावरच ठरतं. इथे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर समोर ठेवलं आहे, कारण बहुतेक घरांत येतं ते हेच.

आकार

पूर्ण वाढलेल्या नराचं कवच साधारण 15 ते 20 सेंमी भरतं. मादी सहज 25 सेंमीपर्यंत जाते, काही 30 सेंमीही गाठतात. कवचाच्या दर सेंमीला 15 लिटर पाणी, असा ढोबळ हिशेब धरला तर 18 सेंमीच्या नराला सुमारे 270 लिटर लागतात, 25 सेंमीच्या मादीला 375. मोठ्या टाकीचं वजन, तिचा फिल्टर, पाणी बदलण्याची मेहनत, सगळंच त्या प्रमाणात वाढतं.

ओळखायचं कसं

आधी शेपूट बघा. नराची शेपूट लांब आणि बुडाशी जाड असते, आणि तिच्या खालच्या बाजूचं अवस्करद्वार (विष्ठा, मूत्र आणि मादीत अंडीही बाहेर पडण्याचं एकच छिद्र) कवचाच्या काठाच्या बाहेर, टोकाकडे सरकलेलं असतं. मादीची शेपूट आखूड, आणि द्वार कवचाच्या काठाशी किंवा काठाच्या आतच. ही खूण बहुतेक जातींत चालते, म्हणून माझा भर तिच्यावरच असतो.

दुसरी खूण पुढच्या पायांच्या नखांची. नराची नखं लांब, सडसडीत असतात; मादीची आखूड. ही खूण स्लायडर आणि पेंटेड कासवांत कामाची, पण सगळीकडे नाही: मस्क कासवाच्या नराला अशी लांब नखं नसतात. पोटाकडचं कवच खोलगट असेल तर नर, हेही बरेच जण सांगतात. जमिनीवरच्या कासवांत आणि बॉक्स कासवांत ते बऱ्यापैकी खरं ठरतं. स्लायडरमध्ये हा फरक इतका पुसट असतो की त्यावर निर्णय घेऊ नये.

कवच 10 सेंमी होईपर्यंत मात्र कोणतीच खूण भरवशाची नाही. नर दोन ते पाच वर्षांत वयात येतो, मादीला त्याहून जास्त वर्षं लागतात. त्यामुळे आखूड शेपटीचं छोटं पिल्लू ‘मादी’ म्हणून घरी येतं आणि दोन वर्षांनी नर निघतं.

स्लायडरमध्ये लिंग ठरतं ते अंडं उबताना मिळालेल्या तापमानावर. सुमारे 26 अंशांला जवळपास सगळे नर, 31 अंशांच्या वर जवळपास सगळ्या माद्या. म्हणजे ज्याने अंडी ठरावीक तापमानाला उबवली, तो पिल्लांबद्दल खात्रीने बोलू शकतो. नुसतं पिल्लू हातात घेऊन ‘ही मादीच’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मादी आणि अंडी

खरा फरक इथे आहे. वयात आलेली मादी नर नसतानाही अंडी घालते. ती अंडी फलित नसतात, पण तिच्या शरीराला सगळं तेवढंच करावं लागतं, आणि एकाच हंगामात असं दोन-तीनदाही होऊ शकतं.

अंड्यावर आलेली मादी बेचैन होते. खाणं कमी करते, सारखी पाण्याबाहेर येते, काच खरवडते, मागचे पाय झाडत राहते. माती मिळाली की ती आधी नाक टेकवून जमीन हुंगते आणि एखाद-दोन खड्डे अर्धवट सोडते. जागा पटली की मूत्राशयातलं पाणी सोडून माती भिजवते. मग एक मागचा पाय आत जातो, पंजा वळवून चिमूटभर माती वर काढतो, बाजूला ठेवतो. त्यानंतर दुसऱ्या पायाची पाळी. सुरईसारखा खड्डा तयार होतो, तोंड अरुंद आणि पोट रुंद. हे सगळं ती न बघता करते, कारण तिचं तोंड दुसरीकडे असतं. अंडं आत पडलं की पायाने हळूच सरकवते आणि शेवटी माती ओढून पोटाने दाबते. या वेळी कोणी जवळ आलं तर ती काम टाकून पाण्यात परतते. तेव्हा लांबूनच बघा.

यासाठी दमट माती आणि वाळूचं मिश्रण भरलेलं खोकं हवं, किमान 25 ते 30 सेंमी खोल आणि तिला वळायला पुरेल इतकं रुंद. जागा मिळाली नाही तर ती अंडी पाण्यात टाकते, किंवा पोटात धरून ठेवते. ही अंडी अडकण्याची अवस्था जिवावर बेतू शकते. मादी सुस्त पडली, कण्हल्यासारखी जोर लावत राहिली, डोळे मिटून बसली तर वाट बघू नका. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या. एक्स-रेमध्ये अंडी स्पष्ट दिसतात. पोट दाबून अंडी चाचपू नका, आत फुटतात.

नराच्या बाजूने आणि विरुद्ध

नराला मातीचं खोकं लागत नाही, टाकीही लहान चालते. कधी कधी तो पाण्यात आपलं जननेंद्रिय बाहेर काढतो. गडद रंगाचा तो मांसल भाग पाहून नवखा माणूस घाबरतो. थोड्या वेळात आपोआप आत गेलं तर काळजी नाही. आत जात नसेल तर तो भाग ओला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

सोबतीसाठी जोडी आणायची कल्पना मात्र सोडून द्या. नर मादीसमोर येऊन नखं थरथरवतो, ते बघायला सुंदर असतं. पण टाकीत तिला पळायला जागा नसते, आणि तो मानेला, पायांना चावत राहतो. दोन नरही भांडतात.

मग घ्यायचं कोणतं

जागा बेताची असेल तर 10 सेंमीपेक्षा मोठा, शेपूट स्पष्ट दिसणारा नर घ्या. मातीची कायमची सोय करता येत असेल तर मादी जरूर पाळा. पिल्लूच आणणार असाल तर तयारी मादीची ठेवा. नर निघाला तर त्याला जास्तीची जागा मिळेल, उलट झालं तर हाल मादीचे होतील.

मोठी मादी कुणाकडून घेत असाल तर विचारा: पूर्वी अंडी घातली का, मातीत की पाण्यात, नराबरोबर राहिली होती का. शुक्रजंतू तिच्या शरीरात दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे एकटी राहू लागल्यावरही ती फलित अंडी घालू शकते. पिल्लं नको असतील तर अंडी घातल्याच दिवशी काढून फ्रीझरमध्ये ठेवा.