जनुकीय साहचर्य अभ्यासातला पूर्वग्रह: दुरुस्तीची कोणती पद्धत निवडाल?

अ‍ॅरिझोनातल्या मूलनिवासींवरचा एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. जीएम प्रणालीतला (रक्तातल्या प्रतिपिंडांमधल्या आनुवंशिक फरकांतला) एक हॅप्लोटाइप, म्हणजे एकत्र वारशाने येणारा जनुकीय फरकांचा गट, ज्यांच्याकडे होता, त्यांच्यात मधुमेह कमी दिसला. पण तो हॅप्लोटाइप म्हणजे युरोपीय पूर्वजांची खूण होती. कुणाचे किती पूर्वज मूलनिवासी, हे हिशेबात धरताच तो संबंध जवळपास मावळला. कोणता जनुकीय फरक कोणत्या आजाराशी किंवा गुणाशी जुळतो हे शोधणाऱ्या साहचर्य अभ्यासात वंशातल्या फरकांमुळे असा खोटा संबंध दिसतो; हाच तो पूर्वग्रह. दुरुस्ती हवीच, हे यावरून कळतं. प्रश्न आहे तो कोणत्या पद्धतीचा.

जीनोमिक कंट्रोल (१९९९) सगळ्या चाचण्यांचे आकडे एकाच लॅम्बडाने, म्हणजे ते सरसकट किती फुगलेत हे सांगणाऱ्या संख्येने, भागतं. दूध पचवण्याशी निगडित लॅक्टेजसारख्या जनुकाच्या प्रकारांचं प्रमाण प्रदेशागणिक फार बदलतं, तिथे हा भागाकार अपुरा पडतो आणि इतरत्र उगाच कडक होतो. शिवाय नमुना मोठा असेल तर खऱ्या बहुजनुकी (अनेक जनुकांच्या छोट्या छोट्या) परिणामांनीही लॅम्बडा फुगतो. मुख्य दुरुस्ती म्हणून ही पद्धत मी सुचवणार नाही.

खरी निवड प्रिन्सिपल कंपोनंट (सगळ्या जनुकीय फरकांतून काढलेले वंशाचे मोजके मुख्य अक्ष) आणि मिक्स्ड मॉडेल (लोकांमधलं जनुकीय साम्य हिशेबात धरणारं सांख्यिकी प्रारूप) यांच्यात आहे. २००६ पासून रुळलेले कंपोनंट झटपट निघतात आणि वंशातले ढोबळ उतार नीट पकडतात. नमुन्यातले चुलत-मावस नातेवाईक मात्र त्यांच्या हाती लागत नाहीत. मिक्स्ड मॉडेल प्रत्येक दोन व्यक्तींमधल्या जनुकीय नात्यांची पूर्ण सारणीच वापरतं, त्यामुळे कुणाला वगळावं लागत नाही. एक पथ्य पाळा: ज्या गुणसूत्रावरची जागा (जनुकीय फरकाचं ठिकाण) तपासताय, ते गुणसूत्र सारणीतून बाहेर ठेवा, नाहीतर खरा परिणामही सारणीच गिळते. रुग्ण मोजके आणि निरोगी लोक लाखांत असतील, तर अशा असमतोलासाठी बनवलेलं मॉडेलच घ्या. बहुतेकांनी मिक्स्ड मॉडेल घ्यावं आणि त्यात कंपोनंटही घालावेत.

पण आजाराची जागा शोधायची नसून जोखीमगुणांक (अनेक जागांच्या परिणामांची बेरीज) बांधायचा असेल, तर एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक जागेवर उरलेली नगण्य चूक बेरजेत साठत जाते. उंचीच्या जनुकांवर युरोपात उत्तर-दक्षिण नैसर्गिक निवड झाल्याचा गाजलेला दावा २०१९ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्याच्या आकड्यांवर तपासला, तेव्हा फारच दुबळा ठरला. यावर उपाय म्हणजे भावंडांची आपसांत तुलना. सख्ख्या भावंडांत कोणता अ‍ॅलील (जनुकाचा प्रकार) कुणाला मिळतो हे निव्वळ योगायोगावर ठरतं, म्हणून तिथे वंशाची आणि घरच्या वातावरणाची भेसळ उरत नाही. २०२२ च्या भावंडांवरच्या मोठ्या अभ्यासात उंचीवरचे परिणाम थोडेच घटले, शिक्षणावरचे मात्र जवळपास निम्म्यावर आले. याची किंमत म्हणजे कमी सांख्यिकी ताकद (खरा परिणाम पकडण्याची क्षमता) आणि जमवायला अवघड नमुना.

पुरेशी भावंडं नसतील, तर निवडलेल्या जागांचे परिणाम निदान छोट्या भावंड-नमुन्यात तपासा. तुलना मात्र निवडीसाठी न वापरलेल्या नमुन्यातल्या अंदाजांशी करा, कारण शोधाच्या नमुन्यातले आकडे निवडीमुळेच फुगलेले असतात.